सॅक उघडायचा रविवार

ऐन झारूर या गावात फ्रीज बिघडला तर लोक नझीहकडे जात, आणि पोरगं बिघडायच्या वाटेवर दिसलं तरी नझीहकडेच. फ्रीज, बर्फपेट्या, पाण्याचे पंप हा त्याचा धंदा. पोरांचं काम हौसेचं. दर जुलैमध्ये चौदा ते सतरा वयाची दहाबारा मुलंमुली घेऊन तो डोंगरात जाई. सहा दिवस. देवदारांच्या रानातून वर चढायचं, मग उघड्या पठारावरून उत्तरेकडे, जिथं रस्ता नाही, दुकान नाही, घळींत जुलैतसुद्धा मळकट बर्फ पडून असतं आणि माणूस दिसलाच तर एखादा शेळ्या वळणारा. तंबू, शिधा, भांडी, पाणी, सगळं ज्यानं त्यानं आपल्या पाठीवर न्यायचं. एकोणीस वर्षांत त्याची एकही खेप चुकली नव्हती. थोरल्या मुलीचं लग्न एकदा नेमकं जुलैत निघालं, तर त्यानं ते ऑगस्टात ढकललं आणि व्याह्यांना सांगितलं की हॉलच मिळत नाही.

बावन्न वर्षांचा, बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. आवाज असा की चालू पंपाच्या घरघरीवरून रस्त्यापलीकडे ऐकू जावा. पोरं त्याला अम्मो म्हणत, काका. मोठी माणसं कारागिराला म्हणतात तसं मुअल्लिम म्हणत. आणि पोरं काय, मोठी काय, त्याच्या जिभेला सगळेच वचकून असत आणि तिच्यावर खूशही असत.

ही जीभ सगळ्यात जास्त चाले ती सॅक तपासायच्या रविवारी. निघण्याच्या दोन आठवडे आधी, सकाळी, गावच्या क्लबाच्या अंगणात तुतीच्या झाडाखाली. पोरांनी भरलेल्या सॅक घेऊन यायचं. नझीह एकेक सॅक स्प्रिंगच्या काट्याला टांगून वजन ओरडून सांगे, मग ती चटईवर पालथी करे आणि प्रत्येक वस्तू वर धरून विचारे, "हे कशाला?" त्यामागे कारण होतं. चार किलो जास्त घेतलेलं पोरगं तिसऱ्या दिवशी चढावर बसून रडतं, आणि मग त्याचं ओझं बाकीच्यांना वाटून घ्यावं लागतं. पण कारण कुणाला ऐकायचं होतं? बायका कॉफीचे पेले घेऊन पायऱ्यांवर बसत, पुरुष भिंतीवर रेलत, आणि सगळं गाव पोट धरून हसे.

"हे कशाला गं?"

"अम्मो, केस वाळवायला."

"प्लग कुठं लावणार? शेळीला?"

किंवा, आईनं कपड्यांत गुंडाळून लपवलेली लोणच्याची काचेची बरणी वर धरून, "हिला पाय आहेत का? नाही? मग ही माझ्याबरोबर चालणार कशी?"

त्या वर्षी यादीत अकरा नावं होती. शेवटचं यामेनचं. चौदा पुरी झालेला, उंच, अबोल मुलगा. बाप ट्रक घेऊन आखाताकडे, वर्षातून दोनदा घरी. आई हयफा गावातल्या बेकरीत रोट्या भाजायची. गाव तिला उम्म यामेन म्हणे, यामेनची आई.

तपासणीच्या आधीच्या गुरुवारी ती नझीहच्या दुकानात आली. उन्हाळा, वीज तासातासाला जाणारी, आणि नझीहसमोर खाटकाची बर्फपेटी पोट उघडून पडलेली. खाटीक अबू वाएल, म्हणजे वाएलचा बाप, दारात उभा राहून ठणाणा करत होता, "मुअल्लिम, अर्ध्या तासात चालू झाली नाही तर बकरं तुझ्या दिवाणखान्यात आणून टांगीन!" उम्म यामेन कोपऱ्यात थांबून राहिली. अबू वाएल गाडी आणायला गेला तेव्हा ती पुढे झाली आणि जमिनीकडे बघत बोलली.

"एक सांगायचं होतं, मुअल्लिम. यामेनचं अंथरुणातलं अजून पुरतं थांबलेलं नाही. डॉक्टरांची गोळी चालू आहे, पण फार दमला की होतं. तो येणारच नव्हता, मीच मागे लागले. सॅकच्या तळाशी काळी पिशवी आहे, मेणकापड आणि दोन पायजमे. तेवढी रविवारी काढू नका. आणि तंबूत त्याला एकट्याला झोपवलंत, नाहीतर तुमच्याजवळ, तर बरं होईल."

"झालं समजा," नझीह स्क्रू पिळता पिळता म्हणाला. "माझ्याकडे आलेलं पोरगं माझंच."

"नक्की ना?"

"माझ्या डोळ्यांवर!" असं म्हणत, शब्द दिल्याची खूण म्हणून त्यानं तेलकट बोट एका डोळ्याला लावलं, मग दुसऱ्याला. ती हसली आणि गेली. अबू वाएल परत आला आणि पुन्हा ठणाणा सुरू झाला.

रविवारी अंगण भरलं होतं. नझीह रंगात होता. पहिल्या सहा सॅक झाल्या तोवर चटईशेजारी नको असलेल्या वस्तूंचा ढीग लागला होता: तीन अत्तरं, एक इस्त्री, पाच किलो साखर, उशी. खाटकाच्या वाएलच्या सॅकमधून दोन किलो सुकवलेलं मटण निघालं तेव्हा नझीह म्हणाला, "बापाचं दुकान उचलून आणलंस, बापाला का ठेवलंस?" आणि भिंतीवरचा अबू वाएल सगळ्यांत मोठ्यानं हसला.

सातवी सॅक यामेनची. काट्यावर अकरा किलो, सगळ्यांत हलकी. नझीहनं ती पालथी केली. सगळं नीट घडी केलेलं, एकही गोष्ट जास्तीची नाही, हसायला काही नाही. लोक वाट बघत होते. शेवटी तळातून काळी पिशवी घसरत आली आणि नझीहचा हात तिच्यावर पडला. त्यानं वर बघितलं. यामेन त्याच्याकडे बघून मान हलवत होता; अगदी थोडी, डावीकडे, उजवीकडे.

नझीहनं पिशवी उघडली. मेणकापड झटकून दोन्ही हातांनी वर धरलं.

"बघा! वर पठारावर पाण्याचा थेंब मिळत नाही म्हणून मी घसा फोडतोय, आणि हा शहाणा पुराची तयारी करून आलाय!"

हशा उसळला. पिशवीतून पायजमे चटईवर पडले. ते बघून वाएल म्हणाला, "अम्मो, हा पूर वरून नाही येत. खालून येतो."

पोरांना आधी कळलं. मग पायऱ्यांवरच्या बायकांना. हशा पुन्हा आला, पण वेगळाच, नाकातून निघालेला, आणि मग मध्येच तुटला. यामेन गुडघ्यांवर बसला, एकेक वस्तू सॅकमध्ये भरली, मेणकापड नझीहच्या हातातून ओढून घेतलं, त्याचीही घडी केली, आणि सॅक पाठीला लावून फाटकातून निघून गेला. पळाला नाही. पळाला असता तर बघणाऱ्यांना सोपं गेलं असतं.

चाळीसेक माणसं नझीहकडे बघत होती. हयफा त्यांत नव्हती.

"मला काय माहीत?" तो म्हणाला. "असलं काही असलं तर आईबापांनी आधी सांगायला नको?"

"खरंय," पायऱ्यांवरून कुणी म्हणालं. "हयफानं सांगायला हवं होतं." दुसरीनं दुजोरा दिला. सगळ्यांना बरं वाटलं. उरलेल्या चार सॅक झटपट उरकल्या गेल्या.

नझीहची बायको नुहाद अंगणात नव्हती, पण दुपारपर्यंत सगळं तिच्या कानावर आलं होतं. नझीह जेवायला बसला तेव्हा ती समोर परात घेऊन भाजीची पानं खुडत होती.

"तुला कुणी सांगितलं नव्हतं म्हणे."

"नाही ना. लोकं पोरं पाठवतात आणि..."

"मग गुरुवारी हयफा दुकानात कशाला आली होती? मी कपडे घेऊन दुकानातल्या जिन्यानं उतरत होते. तू डोळ्यांना बोट लावलंस ते मी बघितलं."

नझीहचा घास हातात राहिला. "विसरलो," तो म्हणाला. "त्या खाटकाच्या पेटीच्या नादात डोक्यातून गेलं."

"विसरलास तर विसरलो म्हणायचं. तिच्या अंगावर कशाला ढकललंस?"

नुहाद पानं खुडत राहिली, जणू विषय संपला. तिची ही सवय त्याला भांडणापेक्षा जड जाई.

सोमवारी ती बेकरीतून रोट्या घेऊन आली आणि पिशवी टेबलावर आपटली. बेकरीत बायकांनी हयफाला घेरलं होतं: अगं, एक शब्द टाकला असतास तर? मुअल्लिम काय देव आहे का, त्याला कसं कळणार? "आणि ती काय म्हणाली माहितीये? 'हो, माझंच चुकलं.' एवढं म्हणून तिनं पुढची रोटी भट्टीत सरकवली."

नझीह दुकानात उतरला आणि एका पंपाचे भाग सुटे करून बसला. दुपारभर ते भाग तसेच त्याच्यासमोर होते.

संध्याकाळी रीम आली. रीम त्याची मदतनीस, सव्वीस वर्षांची, औषधाच्या दुकानात कामाला. चौदाव्या वर्षी ती पहिल्यांदा त्याच्याबरोबर डोंगरात गेली आणि तेव्हापासून दर साली जाते. शिध्याची यादी घेऊन आली होती: मसूर, बुरगुलचा दलिया, चीज, खजूर, सहा दिवसांचं अकरा पोरं धरून तेरा माणसांचं गणित. आता बारा. यादी बाजूला ठेवून ती म्हणाली, "मी मागच्या वर्षीच तुम्हाला म्हटलं होतं, तपासणी एकेकाची आत खोलीत करूया."

"मजा जाते त्यातली. पोरांनाही आवडतं, रीम. तू पण हसायचीस."

"हसायचे. अम्मो, माझ्या पहिल्या वर्षी माझ्या सॅकमधून तुम्ही काय काढलं होतंत?"

त्याला आठवेना.

"महिन्याच्या दिवसांचं पाकीट. वर धरून म्हणालात, हे पाव आहेत का, नाश्त्याला पुरतील. कुणीतरी तुमच्या कानात सांगितलं तेव्हा टाकलंत. मी पण हसले. काय करणार होते? घरी गेले आणि दोन दिवस जेवले नाही."

"तू कधी बोलली नाहीस."

"कुणाला बोलणार?"

तिनं हे रागानं सांगितलं नाही, शिध्याच्या यादीतली एखादी ओळ वाचावी तसं सांगितलं. ती गेल्यावर नझीह एकोणीस वर्षांतले रविवार आठवू लागला. हशे आठवत होते. ज्यांच्यावर ते झाले त्यांची तोंडं आठवत नव्हती. त्याला वाटलं, आपण खाली मान घालून रस्त्यानं जावं, आणि लगेच हेही वाटलं की कुणी बघितलं तर विचारतील, काय झालं म्हणून.

मंगळवारी तो चेरीची करंडी घेऊन हयफाच्या दारात गेला. तिनं आत घेतलं, कॉफी केली, वेलची घातली. आतल्या खोलीचं दार बंद होतं.

"उम्म यामेन, तुम्ही मला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं."

"मग बेकरीत का नाही बोललात?"

"काय बोलू? गुरुवारी मी हे सांगितलं, ते सांगितलं, असं? म्हणजे पुन्हा त्याच गोष्टीचा पाढा. पोरगं आधीच खोलीबाहेर येत नाही." तिनं त्याच्यापुढे पेला सरकवला. "घ्या, गार होईल."

"शनिवारी आईबापांची बैठक आहे. मी तिथं सगळ्यांसमोर उभा राहून माफी मागतो. सांगतो की चूक माझी."

"नको!" पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "पुन्हा सगळ्यांना जमवणार? पुन्हा त्याचं नाव घेणार, सगळे त्याच्याकडे बघणार, आणि तुम्ही मन मोकळं करून घरी जाणार? तुम्हाला माणसं जमल्याशिवाय काही करताच येत नाही का हो?"

नझीहचं तोंड लाल झालं. कारण बैठकीत आपण कसे उभे राहू, आवाज कुठं दाटेल, लोक कसे म्हणतील की बघा, मोठ्या मनाचा माणूस, हे सगळं त्यानं येताना वाटेत मनात रंगवलं होतं.

"मग काय करू?"

"ते मी सांगू?"

त्यानं कॉफी संपवली आणि निघाला. करंडी तिनं ठेवून घेतली. परत दिली असती तर त्याला जास्त बरं वाटलं असतं.

बुधवारपासून तो दुकान लवकर बंद करून घराघरांत जाऊ लागला. यादीतली दहा पोरं आणि त्या दिवशी पायऱ्यांवर, भिंतीवर असलेली आठवतील तेवढी माणसं. प्रत्येक दारात तीच दोन वाक्यं. "मला आधी सांगितलेलं होतं. रविवारी मी खोटं बोललो." नाव नाही, गोष्ट नाही. बसा म्हणाले तरी बसायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं, कारण बसलं की बोलणं होतं, आणि बोलणं झालं की त्याला विनोद सुचायचा.

पहिल्या दारात जीभ जड झाली. तिसऱ्या दारात एका म्हाताऱ्यानं कानाला हात लावून तीनदा विचारलं, "काय बोललास?" आणि तिसऱ्यांदा त्याला ते रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणावं लागलं. एका बाईनं दार अर्धवट उघडून ऐकलं, बरं म्हणाली आणि लावून घेतलं. "अरे, आम्ही विसरलो होतो, तूच आठवण करून देतोयस," असं एकानं हसून सांगितलं. ते खरं नव्हतं. ते विसरले असते तर वाएलनं यामेनला पाडलेलं 'पूर' हे नाव गावभर झालं नसतं.

खाटकाच्या दारात तो शेवटी गेला. अबू वाएलनं ऐकून घेतलं आणि खांदे उडवले. "पोरांचं असंच असतं, मुअल्लिम. चार दिवस हसतात."

"पहिला मी हसलो. मी पोर नाही," नझीह म्हणाला. मागे वाएल उभा होता. त्याच्याकडे बघून तो म्हणाला, "ते नाव पुन्हा कुणाच्या तोंडून आलं तर मी त्याला काही म्हणणार नाही. म्हणायचं तोंड मला राहिलेलं नाही. पण तू बघ."

वाएल कानांपर्यंत लाल झाला. नझीहला वाटलं, हा पोरगा आपल्यापेक्षा लवकर लाजला.

निघण्याच्या दोन दिवस आधी यामेन दुकानात आला. क्लबाची सॅक आणि स्लीपिंग बॅग परत करायला. दोन्ही काउंटरवर ठेवून तो उभा राहिला. नझीहनं हातातली पकड खाली ठेवली.

"आई म्हणते तुम्ही विसरला होतात," यामेन म्हणाला. "खरं?"

इथं हो म्हणणं किती सोपं होतं! नुहादला तेच सांगितलं होतं, हयफालाही तसंच वाटू दिलं होतं. दारोदार फिरून जी दोन वाक्यं बोलला होता त्यातही हे कुठं आलं नव्हतं.

"विसरलो होतो," नझीह म्हणाला. "पण पिशवीला हात लागला तेव्हा आठवलं. तू मान हलवलीस तेही दिसलं."

"मग?"

"लोक वाट बघत होते. हसायचं काही मिळालं नव्हतं."

यामेननं काउंटरवरच्या सॅकचा लोंबणारा पट्टा आत खोचला. मग म्हणाला, "बरं," आणि गेला.

त्या वर्षी नझीह दहा पोरं घेऊन गेला. पुढे रीम चालली, तो सगळ्यांच्या मागून, दमलेल्यांबरोबर. फारसं बोलला नाही. पोरांनी दुसऱ्या दिवशी रीमला विचारलं, अम्मोची तब्येत बरी नाही का? पुढच्या उन्हाळ्यात अंगणातली तपासणी बंद झाली. आतल्या खोलीत, दार लावून, मुलींची रीम बघे, मुलांची नझीह, आणि सॅक ज्याची त्यानंच उघडायची, दाखवायचं ते दाखवायचं. फक्त काट्यावरचं वजन विचारलं जाई. गावातल्या काहींनी कुरकुर केली की पहिली मजा राहिली नाही. यामेनचं नाव त्या यादीत नव्हतं.

त्याच्या पुढच्या साली, एप्रिलमध्ये, रीम दुकानात आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "यामेन येतो म्हणतोय. सोळाचा झाला. ते आता थांबलंय, आई सांगत होती. पण..."

"पण काय?"

"तुम्ही असाल तर येणार नाही. तसं सांगून टाकलंय. अम्मो, तुम्ही म्हणालात तर मी त्याला समजावून बघते."

"नको समजावू." नझीहनं फडक्याला हात पुसले, ते पुसलेले होते तरी पुन्हा पुसले. "तू घेऊन जा सगळ्यांना. तुला वाट माझ्याइतकीच येते."

मे महिन्यात बर्फ वितळल्यावर तो एकटाच पठारावर जाऊन आला. चार दिवस. बर्फ कमी पडलं होतं, त्यामुळे कुठला झरा जुलैपर्यंत टिकेल आणि कुठला आटेल याची खात्री नव्हती. दोन झरे मातीनं बुजले होते ते त्यानं हातांनी उकरून मोकळे केले. पूर्वी एवढं चालताना त्याच्या मनात गाणी यायची. या वेळी प्रत्येक सपाट जागी इथं तंबू लावले असते, असा विचार येई आणि तो तिथून लवकर पुढे सरके. खाली आल्यावर रीमच्या नकाशावर त्यानं पाण्याच्या जागा शिसपेन्सिलीनं मांडल्या. "तिसऱ्या दिवशी प्रत्येकी चार लिटर भरून निघा. मधला झरा धरू नका, त्याचा भरवसा नाही."

"पोरांना सांगू तुम्ही बघून आलात म्हणून?"

"कशाला?"

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ते निघाले त्या सकाळी नझीह दुकानात एका शीतपेटीचं दार बसवत होता. शेजारचा न्हावी चहाचा पेला घेऊन आला आणि त्याला बघून थबकला. "मुअल्लिम! तू इथं? पोरं तर गेली बसनं. बरा आहेस ना?"

"गुडघा," नझीह म्हणाला. शब्द तोंडातून सुटून गेला होता. न्हावी मान डोलावून लसणाच्या तेलाचा उपाय सांगू लागला, रात्री कोमट करून चोळायचं, वर लोकरीचं फडकं बांधायचं. नझीहनं बिजागरीचा स्क्रू घट्ट केला.

"गुडघ्याला काही झालेलं नाही," मग तो म्हणाला. "एका पोराला मी बरोबर नको होतो."

न्हाव्यानं त्याच्याकडे बघितलं, हातातल्या पेल्याकडे बघितलं, आणि तो काउंटरवर ठेवून निघून गेला. नझीहनं बिजागरीचा स्क्रू पुन्हा घट्ट केला, दार उघडून बघितलं, लावून बघितलं. दहा वाजले होते. आता ते पहिल्या चढाला लागले असतील.